अक्षरामागचा आकडा

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या वर्गात मला ‘संगणकताई’ म्हणतात. हे नाव कौतुकाने ठेवले की थट्टेने, हे मला अजून कळलेले नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने कवितेची वही बाळगावी, फार तर एकांकिकेत काम करावे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्राचे पोट उघडून बसू नये, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मला मात्र शाळेत असल्यापासून ते वेड लागले. बाबांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुना संगणक विकत आणला होता. तो महिन्यातून दोनदा रुसायचा. आतली स्मृतीची पट्टी काढून, तिचे पितळी दात खोडरबराने हलकेच घासून परत बसवली की तो पुन्हा चालू होई. ही युक्ती मला साधली त्या दिवसापासून घरातले, शेजारचे आणि पुढे महाविद्यालयातले सारे रुग्ण माझ्याकडे येऊ लागले. कुणाचा मोबाईल तापतो, कुणाचे छायाचित्र सापडत नाही, कुणाच्या पेन ड्राइव्हमधला प्रकल्प छपाईच्या दुकानात उघडत नाही.

यातली शेवटची तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. “अगं, घरी मराठीत छान दिसत होतं, इथे नुसतं काहीतरीच दिसतंय!” असे म्हणत मैत्रीण रडकुंडीला येते. या ‘काहीतरीच’मागे काय आहे, ते मला आमच्या घरातल्या एका प्रसंगामुळे मुळापासून शिकावे लागले. तो प्रसंग आणि त्यातून उमगलेले थोडे शास्त्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

माझे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कृष्णाकाठचे आमचे गाव. निवृत्तीनंतर त्यांनी गावचे शब्द जमवायला सुरुवात केली. मोटेची शेती गेली, तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे, धाव हे शब्दही जाणार, म्हणून प्रत्येक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला त्याची हकिगत, असे ते वह्यांत लिहून ठेवीत. सहा वह्या झाल्या. शब्द अकराशेच्या घरात गेले. २००३ साली त्यांनी तालुक्याच्या गावी एका टायपिंगच्या दुकानात ते सारे लेखन टंकलिखित करून घेतले. पुस्तक काढायचे होते. पण पैशांची जुळणी झाली नाही आणि ते राहून गेले. दुकानदाराने सारा मजकूर एका सी.डी.वर भरून दिला आणि नमुन्यादाखल आठ पाने छापून दिली. पुढे ते दुकानही बंद झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर आजोबांच्या वह्यांचा अक्षरशः लगदा हाती आला. शाईच्या पेनाने लिहिलेले. एक ओळ वाचता येईना. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो लगदा अंगणात वाळत घातला आणि संध्याकाळी स्वतःच उचलून टाकला. मी तेव्हा नववीत होते.

मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ती सी.डी. आणि नमुन्याची आठ पाने सापडली. घरात दिवाळीसारखा आनंद झाला. मी ऐटीत सी.डी. संगणकात घातली, फाईल उघडली आणि आजोबांना खुर्ची दिली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, डॉलरची खूण, महिरपी कंस, उद्गारचिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेली कुठली कुठली युरोपीय अक्षरे यांची नुसती गर्दी. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “बाळ, ही माझी वही नव्हे.”

वही त्यांचीच होती. ते पटवून द्यायला मला पुढे दोन वर्षे लागली.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो, ही यातली पहिली गोष्ट. आपण कळ दाबतो तेव्हा आत एक क्रमांक नोंदला जातो. पडद्यावर दाखवायची वेळ आली की यंत्र त्या क्रमांकाचे चित्र फॉन्टमधून, म्हणजे अक्षरांच्या चित्रांच्या पेटीतून, काढून दाखवते. तेव्हा कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे याचा सर्वांनी मिळून करार करायला हवा. इंग्रजीसाठी असा करार अमेरिकेत १९६३ साली झाला. त्याला ‘अ‍ॅस्की’ म्हणतात. त्यात १२८ जागा होत्या, आणि त्यांपैकी ६५ वी रोमन लिपीतल्या पहिल्या मोठ्या अक्षराची. पुढे या जागा २५६ पर्यंत वाढवल्या गेल्या. पण त्या वाढीव जागांवर युरोपातल्या भाषांची टोपीवाली अक्षरे येऊन बसली. देवनागरीला तिथे पाट मांडलेलाच नव्हता.

मग आपल्या लोकांनी काय केले? ज्यांना मराठीत पुस्तके आणि वर्तमानपत्रे छापायची होती त्यांनी एक तोड काढली. यंत्राला सांगायचे की हे रोमन अक्षरच आहे. मात्र चित्रांच्या पेटीत त्या जागी रोमन अक्षराऐवजी ‘क’चे चित्र ठेवायचे. यंत्र बिचारे रोमन समजून साठवते, आपण मराठी समजून वाचतो. कुणीतरी वेषांतर करून नाटकाच्या तंबूत शिरावे, तसा हा प्रकार. मराठीतली जोडाक्षरे, रफार, रुकार, वेलांट्या हे सारे २५६ जागांत मावेना, म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा ‘ख’ एका जागी, काना दुसऱ्या जागी. दोन्ही शेजारी ठेवले की पुरा ‘ख’. या युक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच कित्येक वर्षे मराठी मजकूर संगणकावर छापता आला. पण ज्याने त्याने आपापली चित्रांची पेटी आपल्या मनाप्रमाणे लावली. एकाकडे ज्या जागी ‘क’, दुसऱ्याकडे त्याच जागी ‘म’. त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये मजकूर टंकला तो फॉन्ट नसेल, तर वेषांतर गळून पडते आणि आतले रोमन अक्षर उघडे पडते. आजोबांच्या फाईलचे नेमके हेच झाले होते. दुकान बंद, फॉन्ट बेपत्ता.

सर्वांसाठी एकच क्रमांक असावा, हा विचार आपल्याकडे त्या काळीही झाला होता. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आय.आय.टी.त १९८०च्या दशकात काम झाले, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेत वाढले, आणि १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जगातल्या साऱ्या लिप्यांना एका यादीत आणणारा ‘युनिकोड’ प्रसिद्ध झाला. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. देवनागरीला तिथे २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले. ‘अ’ २३०९, ‘क’ २३२५, ‘ळ’ २३५५. पुण्यात असो, टोकियोत असो, २३२५ म्हणजे ‘क’च, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलायचा नाही, असा नियम आहे. फॉन्ट कोणताही घ्या, अक्षराचे रूप बदलेल. अक्षर बदलणार नाही.

आता कुणी विचारील, १९९१ साली करार झाला, तर २००३ साली आजोबांचे टंकलेखन जुन्या पद्धतीने का झाले? कारण करार होणे वेगळे आणि तो दुकानापर्यंत पोहोचणे वेगळे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्स्पीत युनिकोड मराठीची सोय होती, पण ती निराळी चालू करून घ्यावी लागे. पुस्तकाची पाने लावण्याची जी सॉफ्टवेअरे छपाईच्या धंद्यात रुळली होती, त्यांना युनिकोडची जोडाक्षरे नीट जुळवता येत नसत. टंकलेखकांची बोटेही जुन्या कळफलकावर बसलेली. तेव्हा दोष दुकानदाराचा नव्हता. तो त्या दिवशीचे काम त्या दिवशीच्या हत्याराने करीत होता.

आता सुटकेचा मार्ग. माझ्याजवळ एक मोलाची वस्तू होती : ती छापलेली आठ पाने. पडद्यावरच्या अगम्य खुणा एका बाजूला, कागदावरचे मराठी दुसऱ्या बाजूला. मी एका फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले आणि शिलालेख वाचणाऱ्याच्या चिकाटीने ही खूण म्हणजे ‘त’, ती खूण म्हणजे अर्धा ‘श’, अशी जुळवाजुळव सुरू केली. अकरावीची सुट्टी त्यात गेली. एकशे सत्तरच्या वर खुणा जमल्या. मग खुणेच्या जागी युनिकोडचे अक्षर घालणारा एक छोटा प्रोग्रॅम पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिला. वाटले, संपले काम. ते तिथून सुरू झाले.

पहिली अडचण पहिल्या वेलांटीची. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, जुन्या पद्धतीत ती आधीच साठवली जाई. युनिकोडमध्ये मात्र आपण ज्या क्रमाने उच्चारतो त्या क्रमाने, म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी, असे साठवतात. रफाराचे याच्या उलट. ‘सूर्य’ मधला ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी येतो, पण चित्रात तो ‘य’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाईलीत ‘य’च्या नंतर. प्रत्येक वेलांटी मागे न्यायची आणि प्रत्येक रफार पुढे आणायचा. जोडाक्षर असेल तर कुठवर, तेही पाहायचे. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. आत मात्र क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असे आठ क्रमांक असतात. व्याकरणाच्या तासाला सरांनी शिकवलेली अक्षराची फोड इतकी उपयोगी पडेल, असे मला कधी वाटले नव्हते.

दुसरी अडचण फार फसवी होती. सारे मराठी दिसू लागले तेव्हा मी ‘आई’ हा शब्द शोधून पाहिला. डोळ्यांसमोर पानभर ‘आई’ होती, आणि यंत्र म्हणे, असा शब्द नाही! पुष्कळ डोके खाजवल्यावर कारण कळले. युनिकोडमध्ये ‘आ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, २३१०. माझ्या प्रोग्रॅमने जुन्या तुकड्यांप्रमाणे ‘अ’ आणि काना असे दोन क्रमांक शेजारी ठेवले होते. दिसायला हुबेहूब; यंत्राच्या लेखी निराळे. दिसणे आणि असणे यांतला फरक तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात वाचला होता. तो असा सापडेल याची कल्पना नव्हती. मोठे तुकडे आधी बदलायचे आणि छोटे नंतर, असा क्रम लावल्यावर आई सापडली.

तिसरी अडचण खास आपल्या मराठीची. नाडा आणि सोंदूर या मोटेच्या दोऱ्या. त्या ‘दोऱ्या’ माझ्या पडद्यावर ‘दोर्या’ अशा रफार घेऊन आल्या. हिंदीत ही अडचण येत नाही, कारण हिंदीला हा आडवा अर्धा ‘र’ लागत नाही. मराठीत त्यावाचून चालत नाही : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. युनिकोडमध्ये साधा ‘र’ २३५२ आणि त्याच्या शेजारी २३५३ वर खालच्या टिंबाचा ‘ऱ’ आहे. त्या ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लिहिला की आपला दोरीसारखा ‘र’ मिळतो. मोबाईलवर ‘वाऱ्यावर’, ‘बिऱ्हाड’ लिहिताना हाच प्रश्न येतो. माझ्या मोबाईलच्या कळफलकावर ‘र’ दाबून धरला की वर ‘ऱ’ दिसतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून ते ‘वार्यावर’ लिहून मोकळे होतात.

मोबाईलचा विषय निघालाच आहे, तर एक-दोन रोजच्या गोष्टी सांगते. आईला मी साधा एस.एम.एस. पाठवते. तो इंग्रजीत १६० अक्षरांचा मावतो, मराठीत मात्र ७० क्रमांकांतच संपतो. कारण संदेशाचे पाकीट तेवढेच. इंग्रजी अक्षराला त्यात सात खाचा पुरतात, युनिकोड अक्षराला सोळा लागतात. शिवाय प्रत्येक काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. यावर उपाय म्हणून माझ्या मैत्रिणी रोमन लिपीत मराठी लिहितात. ते चालते, पण ‘काल’, ‘कळ’ आणि ‘कल’ तिन्ही एकाच रोमन स्पेलिंगात जातात, आणि पुढे कधी तो मजकूर शोधायचा म्हटला तर प्रत्येकीचे स्पेलिंग वेगळे. रोमनची सवय लागलेल्यांना मी ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शिकण्याचा आग्रह करते. तो बहुतेक संगणकांत आयताच असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. आपली वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला पंधरा दिवसांत तो बोटांवर बसतो. मला तर वाटते, पाणिनीच्या देशातल्या माणसाला यापेक्षा सोपा कळफलक सापडणार नाही.

असो. दोन वर्षांनी आजोबांची फाईल पुरी झाली. सी.डी.चा काही भाग खराब होता. त्यात साठेक शब्द गेले ते गेलेच. तोवर आजोबांची दृष्टी काचबिंदूने अगदी मंद झाली होती. म्हणजे मजकूर वाचण्याजोगा झाला तेव्हा वाचणारे डोळे राहिले नव्हते. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मजकूर आता नुसते चित्र नव्हता. यंत्राला तो अक्षर म्हणून कळत होता. आणि ज्याला अक्षर कळते त्याला ते मोठ्याने वाचताही येते. मी मोबाईलमधली मजकूर वाचून दाखवण्याची सोय चालू केली आणि तो त्यांच्या उशाशी ठेवला. एका बाईच्या आवाजात मोटेचा सारा संसार सुरू झाला. ‘चाक’ या शब्दाशी ती अडखळली. तिने तो ‘चार’मधल्या ‘च’ने उच्चारला. आपल्या लिपीत दोन ‘च’ वेगळे लिहिले जात नाहीत, तेव्हा तिचा तरी काय इलाज? आजोबा हसले. “बाई परगावची दिसते,” म्हणाले, “पण वाचते मन लावून.” मग ते बराच वेळ ऐकत राहिले. मध्येच हात वर करून म्हणाले, “थांबव. थारोळ्याचा अर्थ मी अपुरा लिहिलाय. लिहून घे.” मी कळफलक पुढे ओढला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचे हे काम चालते. गेलेल्या साठ शब्दांपैकी चव्वेचाळीस त्यांना आठवले आहेत.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी थोडे. ग्रंथालयात या वार्षिकाचे जुने अंक आहेत. १९७८ चा अंक काढा. पाने पिवळी पडली आहेत, पण तो उघडतो आणि वाचता येतो. मधल्या काही वर्षांचे लेखन मात्र सी.डी.वर आहे, आणि त्यातल्या तीन सी.डी. मी ग्रंथपालांच्या परवानगीने उघडून पाहिल्या. तिथेही तेच : डॉलर, कंस आणि टोपीवाली अक्षरे. कुणाची तरी पहिली कविता, कुणाचा तरी पहिला लेख त्या गर्दीत वेषांतर करून बसला आहे. त्या वर्षांचे छापील अंक कुणाच्या घरी असतील, तर नमुन्याच्या आठ पानांनी मला जशी वाट दाखवली, तशी ते आपल्याला दाखवतील. या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम हाती घ्यावे असे मी ठरवले आहे. यंत्राची माहिती असण्याची मुळीच अट नाही. शुद्धलेखन चांगले असलेली आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक कळणारी माणसे हवी आहेत, आणि ती कला शाखेत नाही मिळायची तर कुठे मिळतील?

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. आपले मराठी लेखन युनिकोडमध्येच ठेवावे. त्याची एक प्रत दुसऱ्या जागी असावी. आणि जे खरोखर जपायचे आहे, त्याची चार पाने तरी कागदावर छापून पेटीत ठेवावीत. पेटी मात्र माळ्यावर असावी. कृष्णाकाठच्या माणसाचा एवढा सल्ला ऐकावाच.